देवघरातली पट्टी

हौ, लिहा — ह्यांच्या गोळ्यांचं सगळं आमची सून बघते, सत्यवती, ती खाली औषधं आणायला गेलीय. शेवटची गोळी कधी दिली ते मला कोण सांगतंय? घरात मला विचारतो कोण? तुम्हाला मराठी कळतं ते बरं झालं डॉक्टरबाई, नाहीतर तीच सगळं तेलुगूत बोलते अन् मी बाकावर बसून मुंडी हलवते.

राज्य फुटलं, मुलाची नोकरी आंध्राच्या वाट्याला गेली, तो जाऊन बसला विजयवाड्याला — अन् इथलं बरकतपुऱ्याचं घर आलं सुनेच्या हाती. ह्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, तर तिनं डबा आणला, सात वारांचे सात खण. "मामंजी, गोळी" म्हटलं की हे लगेच हात पुढं करतात. मी द्यायला गेले तर म्हणतात, थांब, सत्याला विचार. बेचाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं, अन् आता सत्याला विचार. जळते मी तिच्यावर, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं, लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर किडनीच बसली म्हणे. डॉक्टर फोनवर म्हणाले, किडनी औषध बाहेर टाकत नाही, ते अंगात साठतंय, कुठून रक्त आलं तर थांबायचं नाही — पुढचा रिपोर्ट येईपर्यंत ही गोळी बंद. म्हणजे, असं ती म्हणाली हां. मी थोडीच ऐकलं? जिच्यानं लकवा टळतो ती गोळी बंद करणारी ही कोण? तिनं खण रिकामे केले. पण त्याच गोळ्यांची एक पट्टी मी देवघरात ठेवली होती.

आमच्यात पूजा झाली की हे माझ्या हातून तीर्थ घेतात. तेवढं एक माझं उरलंय, त्यात ती येत नाही. गोळी बारीक असते — ह्यांच्या तळहातावर ठेवली, वर पळीभर तीर्थ घातलं. ह्यांनी गिळली, अन् माझ्याकडं बघून हसले. किती दिवसांनी हसले.

मग रोजच. तीन दिवस — नाही, चार. लिहायचं का थांबलात? काल हिरड्यांतून रक्त आलं, म्हटलं ब्रश लागला असेल. आज शौचाला काळंकुट्ट झालं तेव्हा ह्यांना इथं दवाखान्यात आणलं.

आज? आज पण दिली. सकाळी साडेसातला. पूजा कधी चुकत नाही माझी.

अशा बघत काय बसलात, उठा, आत ह्यांना बघणाऱ्या डॉक्टरांना जाऊन सांगा — साडेसातला, बायकोच्या हातून, असंच लिहा. ती बघा, सत्यवती जिना चढतेय. तिच्यासमोर बोललात तरी चालेल, आता काय लपवायचं. माझा हात सोडा, मला काही होत नाही. ह्यांच्याकडं जा.