शाळेच्या गाडीचं घर

माझं माहेर चारठाण्याच्या अंगाचं, देवळांच्या पलीकडं आमची वस्ती. आमी बौद्ध. माय-बापानं दीक्षा घेतली तवा मी परकरात व्हते, मला काय कळतंय, पांढरं लुगडं नेसलेली माय लय झ्याक दिसायली येवढंच ध्यानात हाय. मग दिलं मला वालूरकडं. नवरा डायवर. हे जिंतूरला एका शाळेच्या गाडीवर, आन मी गावात सासू-सासऱ्यापाशी, आठ-पंधरा दिवसाला तोंड दिसायचं. आमची सासू, काय सांगू तुमाला ताई, कोंबडीला बी नावानं हाक मारायची, लय मायाळू बाई, पर ते असू द्या.

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं न्हाई का, त्या साली आमचं घर जाळलं. लय न्हाई सांगत. माणसं वाचली. हे त्या दिवशी गावातच व्हते, समोरच्या लिंबाखाली उभं राहून बघितलं ह्यांनी, पत्रे वाकडे होईपर्यंत. मग सगळे जिंतूरला आलो. शाळेच्या मोठ्या बाईंनी गाडीच्या शेडामागची खोली दिली, आन मला बी गाडीवर लावलं, लेकरं चढवायला-उतरवायला. हे पुढं स्टेरिंगवर, मी मागं दारात. लेकरू बसलं की मी पत्र्यावर थाप मारायची, की गाडी निघाली. घरात जेवढं बोललो नसू तेवढं आमी आरशातून बोललो. लेकरं म्हणायची, मावशी, डायवर काका तुमच्याकडं बघून हसायलेत. हसू द्या म्हणायची मी, रस्त्याकडं बघितलं म्हणजे झालं.

पर हे खोलीत आले की येगळा माणूस. आधी कडी, मग कडीला कुलूप, आन जॅकचा लोखंडी दांडा उशाशी. उन्हाळ्यात जीव गुदमरायचा, तरी दार उघडं ठेवायचं न्हाई. सासू-सासरे गेले, लेक मोठी झाली, शिकली, परभणीला दवाखान्यात नर्स लागली, तरी ती कडी काय सुटली न्हाई.

मग गाडी म्हातारी झाली. शाळेनं नवी घेतली, आन त्याच साली ह्यांची बी नोकरीची उमर भरली. मोठ्या बाई म्हणल्या, भंगारवाला मागायलाय, पर आधी तुमाला इचारते. हे घरी आले, जेवायला बसले. भाकर मोडत मोडत म्हणले, अगं गये, गाडीतच घर केलं तर? मला वाटलं चेष्टा करायलेत. तर न्हाई. जत्रंत टुरिंग टाकीजवाल्याचं बिऱ्हाड ट्रकात बघितलं व्हतं म्हणं, पलंग काय, चूल काय, पाळणा सुदिक. जागा घेऊन दोन खोल्या बांधायचं आमचं ठरलेलं, ते सोडून हे.

लेकीला कळलं, ती रविवारच्या यस्टीनं आलीच. बापापुढं बसली आन म्हणली, आबा, लोकं शिकून घरं बांधायलेत, आन तुमी घराला चाकं लावायलेत? गावकुसाबाहेरून एकदा मुश्किलीनं आत आलो, आता रस्त्यावर ऱ्हायचं व्हय? तिचं खोटं न्हवतं. मला बी वाटायचं, न्हायचं कुठं, पावसाळ्यात काय, दुखलं-खुपलं तर कुणाच्या दारात उभं ऱ्हायचं. पर माझ्या मनात दुसरंच व्हतं. लेक गेल्यावर मी इचारलं, खरं सांगा, भेव वाटतंय म्हणून घ्यायलाव का?

हे उठले, दाराची कडी लावली. मग म्हणले, चाकं असती तर त्या दिवशी घर घेऊन निघालो असतो.

मी म्हणले, मग नको. पळायला गाडी नको मला. फिरायला घेत असाल तर बोला.

चार-सहा दिवस तो इषयच न्हाई. मग एका रविवारी हे मोठ्या बाईंना इचारून गाडी घेऊन दारात उभे. चल म्हणले, येलदरी बघून येऊ. आता बघा ताई, येलदरीला मी सहलीबरोबर कितीदा गेलेली, पर लेकरं मोजण्यात जीव, पाणी बघायला डोळे कुठं रिकामे! त्या दिवशी बघितलं. येवढं पाणी, आन वर वारा. कोळ्याकडून मासे घेतले, तीन दगडाची चूल मांडली, गाडीच्या सावलीत बसून जेवलो. हे मागच्या लांब शिटावर आडवे झाले. मी भांडी घासून आले, तर हे घोरायलेत. दोन्ही दारं सताड उघडी. दांडा बी न्हाई, कडी बी न्हाई, वाऱ्यानं धोतर उडायलंय, माणूस आपला झोपलाय लेकरावानी. मी तशीच पायरीवर बसून ऱ्हायले, उठवलं न्हाई.

उठले तवा मी म्हणले, घ्या.

काय घ्या? डोळे चोळत इचारायलेत.

गाडी घ्या, म्हणले. घर हेच.

मग काय सांगू, कागदासाठी हापिसाच्या चकरा मारून चपला झिजल्या ह्यांच्या. रहीमचाचा वेल्डर म्हणले, भाभी, तुम बोलो, पलंग किधर, चूल्हा किधर. सगळं माझ्या मनानं केलं. शिटं काढली, एक ठेवलं, पाव्हण्याला. टपावर पाण्याची टाकी, मागं न्हाणीपुरता पडदा. लेक रुसली व्हती, पर कापड तिनंच आणलं, हिरवं, फुलाफुलाचं, आन खिडकी खिडकी मापून स्वता शिवलं. शिवता शिवता म्हणली, आई, सुट्टीत माझी जागा कुठं? मी म्हणले, आमी खाली निजू, तू पलंगावर.

आता दीड वर्ष होईल. वालूरचा बाजार, चारठाण्याला भाऊ, लेकीकडं परभणी. गावात गेलो की लेकरं आधी चढतेत, त्यांना वाटतंय शाळाच आली. नामांतर झाल्याचं आमी रस्त्यातच ऐकलं, एका हाटेलच्या रेडिओवर. हे गाडीतून उतरले, हाटेलवाल्याचा गुळ संपवला सगळा, वाटत सुटले, वळखीच्याला बी आन बिनवळखीच्याला बी. रडायलेत का हसायलेत मला काय समजंना.

आन हसू नका ताई, मी आता गाडी शिकायलेय. माझ्या भावाचं वावर हाय, ज्वारी निघाली की मोकळंच. परवा ह्यांनी मला पुढं बसवलं आन स्वता मागं दारात उभे. पदर खोचला, पाय पुरंना म्हणून पाठीला वाकळ लावली. ह्यांनी मागून पत्र्यावर थाप मारली, आन गाडी निघाली ना! ढेकळातून उडत उडत निघाली, भाऊजय बांधावर वरडायलीय, वन्सं, वड्यात जाल, वड्यात जाल! वड्यात न्हाई गेले. वळवून आणली.

अजून गेर टाकताना खर्रकन वाजतंय. शिकते हळूहळू, घाई कुठं हाय. तुमी बी या एकदा, त्या शिटावर बसा, च्या पाजते. सुखी ऱ्हा माय.