तडकलेली डाळिंबं

इंदिरानगरच्या दवाखान्यात तृप्ती नंबरची वाट बघत बसली होती. शेजारी डाळिंबाची बाग असलेलं म्हातारं जोडपं. दोघांच्या पोटाच्या तपासणीचा निकाल त्यांना आत्ताच कळला होता आणि नवऱ्याच्या मांडीवर डॉक्टरीणबाईंना आणलेल्या डाळिंबांची पिशवी तशीच होती.

“मशीन बिघडलं असंल. रोज निवडक डाळिंब खातो मी.”

“मशीन नाय बिघडलं. डाळिंबातलं सत्त्व पोटातले जंतूच बदलून देतात, मग ते अंगी लागतं. तुमच्या पोटात ते जंतूच नायत, असं म्हणल्या त्या.”

“आन् तुझ्या पोटात हायेत?”

“भरपूर हायेत.”

“पण तू कवा खाती डाळिंब? बाकीचा चांगला माल तर सगळा मार्केटला जातो.”

“तडकलेली ऱ्हातात ना मागं. लग्न झाल्यापासून तीच खाते.”

“कधी बोलली नाय.”

“त्यात काय बोलायचं? टाकून द्यायची का मग?”

तृप्तीला पिशवीची सळसळ ऐकू आली.

“हे धर.”

“अहो, ते डॉक्टरीणबाईंचं हाय.”

“त्यांना पुढल्या खेपेला आणू. माझ्या पोटात वायाच जातंय, तू खा.”

“हे तर कुठं तडकलं पण नाय.”

“म्हणून तर देतोय.”