उपाशी मारलेल्या पेशी

(दवाखान्याच्या आवारातला बाक. बाबांच्या मांडीवर उघडा डबा.)

लेक : सकाळचं अंडं खरंच खाल्लंत?

बाबा : खाल्लं की.

लेक : मग शेजारचं कुत्रं आपल्या दारातून हलत का नाही?

बाबा : प्रेमळ आहे बिचारं.

लेक : थट्टा पुरे. वजन इतकं उतरलंय म्हणून डॉक्टरांनी आजचं औषध पुढे ढकललं. दोन घास तरी घ्या.

बाबा : चिडू नकोस. मी मुद्दाम खात नाहीये.

लेक : मुद्दाम? ते का?

बाबा : तूच म्हणालीस ना! प्रयोगशाळेतून आलीस ती नाचतच. "बाबा, कॅन्सरच्या पेशींची साखर तोडली आणि पटापट मेल्या!" म्हटलं, लेक काचेच्या बशीतल्या मारतेय, आपण आपल्या पोटातल्या मारू. जन्मभर बॉयलर सांभाळलाय मी. कोळसा बंद केला की आग विझते.

लेक : अहो बाबा...

बाबा : पोटात कावळे ओरडायला लागले ना, की बरं वाटतं. म्हणतो, मरा लेको!

लेक : सगळ्या मेल्या नव्हत्या त्या.

बाबा : म्हणजे?

लेक : काही तगल्या. बाहेरून काही मिळेना, तेव्हा स्वतःच्याच आतलं जुनं, मोडकं मोडून खात राहिल्या. कोळसा संपला तर घरातल्या खुर्च्या जाळाव्यात ना, तसं. पुन्हा साखर दिल्यावर बशी परत भरली.

बाबा : चिवटच की गं. कधी कळलं हे?

लेक : मागच्या महिन्यात.

बाबा : आणि बोलली नाहीस?

लेक : तुम्ही किती खूश होतात! ज्याला त्याला फोन करून सांगत होतात, माझ्या लेकीनं कॅन्सर उपाशी मारला. मला ते कौतुक गोड लागलं, बाबा. वाटलं, पुढचा प्रयोग जमला की सगळं एकदमच सांगू. बशीतलं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. तेही बोलले नाही. तुमची ही हाडं माझ्यामुळे वर आलीत.

बाबा : रडू नकोस. लोक बघतायत.

लेक : बघू देत.

बाबा : पुढचा प्रयोग कसला?

लेक : त्या खुर्च्या त्यांना मोडताच येऊ नयेत, असं औषध घालून बघतेय.

बाबा : जमेल?

लेक : माहीत नाही. आता खरंच सांगते, माहीत नाही. पण तुमचं औषध सोसायला अंगात बळ हवं, एवढं नक्की. घ्या ना घास.

बाबा : घेतो. आधी फोन लावून दे.

लेक : कुणाला?

बाबा : बॉयलरवरच्या माझ्या जोडीदाराला. त्यालाही हाच आजार. तू सांगितलंस त्याच दिवशी मी त्याला शहाणपण शिकवलं.

लेक : तोही कुत्र्याला घालतो?

बाबा : नाही गं. एकटा असतो तो. त्यानं शिजवणंच बंद केलंय.