रशीदभाऊचं मायलेज

तुह्या हायब्रिड गाडीचं मायलेज ऐकलं अन् मले रशीदभाऊची जीप आठवली. तव्हा मी तिकडं शाळेत गुरुजी होतो, अन् अहेरीच्या बाजारले तिच्यातच जात होतो. रशीदभाऊले एकच नाद, डिझेल वाचवायचा. उतार आला की इंजिन बंद!

एका बाजाराच्या दिवशी उताराखालच्या गावातून एकबी सवारी चढली नाई. "लोक गेले कुठी?" म्हणत रशीदभाऊ मले एकट्यालेच घेऊन अहेरीले पोचला. मागून त्याच गावची बाई डोक्यावर मोहाची टोपली घेऊन पायी आली अन् त्याच्यावर भडकलीच.

"जीपचा आवाज आला की आमी घरातून निघतो. तू चोरावानी कायले आला?"

रशीदभाऊनं तोड काढली. पुढच्या बाजारले उतारावर इंजिन बंदच, पण हॉर्न चालू. पोंऽऽ करत खाली आलो. सारं गाव धावत आलं, जीप गच्च भरली. रशीदभाऊनं ऐटीत चाबी फिरवली. खट्! म्हातारी बॅटरी हॉर्ननंच खाऊन टाकली होती.

"उतरा भाऊ, उतरा बाई, जरासा धक्का मारा."

धक्क्यानंबी इंजिन उठलं नाई. अहेरी जवळच होती, मंग बाजारापर्यंत ढकलतच नेली. तिथी रशीदभाऊ टाकीत काडी बुडवून डिझेल पाहून खुश!

"पाहा गुरुजी, आज किती कमी डिझेल लागलं!"

त्याच मोहावाल्या बाईनं पदरानं घाम पुसला. "पुढच्या बाजारले जीप घरीच ठेव, भाऊ. त्याहूनबी कमी लागन."