अर्धा कोर्स

२०१९ साली, जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या परळच्या एका दवाखान्यात मी गुडघे दाखवायला गेले होते. पाठीमागच्या बाकावर आमच्याच इमारतीतली आकांक्षा आणि तिचा नवरा हितेंद्र बसले होते. मी त्यांना दिसले नाही.

“पुन्हा क्लॅमिडिया निघालाय.”

“गोळ्या घेतल्या होत्यास ना?”

“अर्ध्या घेतल्या. अर्ध्या तुम्हाला दिल्या. तुम्ही इथे यायला तयार कुठे होतात?”

“अगं, मला काहीच त्रास नाही.”

“त्रास नसला तरी जंतू असतात, संबंधातून एकमेकांना लागत राहतात म्हणाल्या डॉक्टर. दोघांनीही पुरा कोर्स घ्यायचा, तोवर लांब राहायचं. नाहीतर मला दिवस राहणं कठीण होईल.”

“तो कंपाउंडर आपल्या मंडळातला आहे. काय तोंड दाखवू?”

“मी दाखवलंच ना? वहिनी, बसा म्हणाला.”

“आणि कुणाकडून आलं असं विचारलं तर?”

“मी विचारलं?”

“हळू बोल, कुणी ऐकेल.”

“नंबर आला. उठा.”

“तू पण चल ना आत.”

“चला.”

हितेंद्र ठणठणीत बरा झाला. दोन वर्षांनी आकांक्षाला मुलगी झाली. कुणाकडून आलं ते तिने पुढे विचारलं की नाही, मला ठाऊक नाही; पण मायलेकी आता माटुंग्याला आकांक्षाच्या आईकडे राहतात. हितेंद्र दर रविवारी त्यांना भेटायला जातो आणि संध्याकाळी एकटाच परत येतो.