अभिनय केल्याची शपथ

नम्रता : पण काका, "कमळ्या झोपला होता" असं स्मरणिकेत कसं छापू? मी पुरस्काराचा इतिहास लिहितेय, चहाड्या नाही.

आबाजी : इतिहास खरा लिवायचा, नम्रता. मी या महोत्सवाचा अध्यक्ष हाय, माज्या समोर घडलंय. पळसदरी लघुचित्रपट महोत्सव, साल दोन हजार अठरा. सर्वोत्कृष्ट अभिनेता कमळ्या, भूमिका मढ्याची. साजगावच्या कंपनीत रातपाळी करून आला, तिरडीवर आडवा झाला, तो गेलाच. चौगांनी पार धरणापातुर नेला, पठ्ठ्या हालला नाय.

नम्रता : परीक्षकांनी म्हटलंय, "श्वासावर विलक्षण ताबा."

सुंदरा : घोरत व्हता तो. पिक्चर जोडनाऱ्या ऋतिकनं वरून मोटारसायकलचा आवाज टाकला.

आबाजी : तू तांदूळ निवड गं. बायकोनं इतिहासात तोंड घालू नये.

सुंदरा : तोंड नाय घालत, खडे काढते.

नम्रता : बरं, पुढे. एकोणीस साली विमलबाई. अभिनेता म्हणून?

आबाजी : चषक एकच व्हता. आन तिनं कसला अभिनय केला? कॅमेरावाले तिच्या भाताच्या रोपांत शिरले, तिनं शिव्या घातल्या. कॅमेरा चालूच राह्यला. परीक्षक म्हनले, "व्यवस्थेविरुद्धचा आक्रोश."

सुंदरा : रोपं तुडवलीवती तिची. मी असते तर इळा घेतला असता.

आबाजी : मग तुला दोन चषक दिले असते त्यांनी! परीक्षक सगळे फार्महाऊसवाले, शनवार-रईवारचे. गावात कोन नुसता शिंकला तरी "किती सहज!"

नम्रता : मग करोनाची दोन वर्षं काहीच नाही. बावीस साली नवनाथ, मुलीच्या पाठवणीचा प्रसंग. "मौनातून बोलणारा बाप."

आबाजी : दाढ काढून आलावता कर्जतवरनं. तोंड बधिर. तीन पानी संवाद व्हता त्याला, एक अक्षर फुटंना.

सुंदरा : लाळ तेवढी गळत व्हती. त्यांना आसू वाटलं.

नम्रता : आणि तेवीस साली... काका, इथे नाव राहिलंय.

आबाजी : राहू दे.

नम्रता : असं कसं? इतिहास खरा लिवायचा ना?

सुंदरा : बोकड गं. आमचा बोकड.

आबाजी : चार मिनटं मरत व्हतो मी त्या सीनमधी! छाती धरून, कन्हत, गावकऱ्यांना उपदेश करत. तो आपला बाजूला उभा राहून माजं धोतर चघळतोय. आन बक्षीस त्याला!

नम्रता : "मृत्यूपुढची निसर्गाची तटस्थता." विजेत्याचा सध्याचा पत्ता?

सुंदरा : गटारीला खाल्ला.

नम्रता : मग नावामागे "कै." लावते.

आबाजी : बोकडाला बक्षीस दिलं त्याच दिवशी मी ठरवलं. आमसभेत ठराव मांडला, लिवून घे. विजेत्यानं स्टेजवर गावदेवीच्या नारळावर हात ठेवून शपथ घ्यायची, "मी केला तो अभिनयच होता." नायतर चषक नाय. म्हून तर मागल्या साली रूपेशनं नारळावर हात ठेवला आन काढून घेतला.

नम्रता : लाजरा नवरदेव केला होता त्यानं.

सुंदरा : तो लाजतोच. कोंबडी बगितली तरी लाजतो.

नम्रता : म्हणजे चोवीस साली विजेता नाही. झालं. आता राहिलं हे साल. काका, परीक्षकांचा कागद सकाळीच आलाय. मघापासून सांगू कसं तेच कळत नव्हतं.

आबाजी : कोनाला दिला? म्हैस का कोंबडा?

नम्रता : तुम्हाला.

(आबाजी दोनदा उठतात, दोनदा बसतात.)

आबाजी : बघ सुंदरे! बघ! म्हनत नव्हतो? कुटल्या सीनला गं? तलवार उपसून सात वाक्यं बोलतो त्या?

नम्रता : नाही.

आबाजी : मग घोड्यावरनं पडतो त्या. टेंपोवरनं पडलो मी, घोडा मागनं जोडनार व्हते. कंबर अजून धरलीय.

नम्रता : तेही नाही. शूटिंग संपल्यावरचं आहे. शेवटी नावं येतात ना, त्यांच्यामागे ऋतिकनं गुपचूप जोडलंय. काकी खोबरेल लावून तुमची खोटी मिशी सोडवतेय. अर्धी निघालीय, अर्धी लोंबतेय. आणि तुम्ही तिला म्हणता... वाचू?

आबाजी : नको.

सुंदरा : वाच गं.

नम्रता : "सुंदरे, लोकं हसत्यात मला, कळतं मला. तू पन हसतेस. पन तू बसून हसतेस. उठून जात नायस."

सुंदरा : अगंबाई. हे फार्महाऊसवाल्यांनी बगितलं?

नम्रता : आणि संध्याकाळी अख्खं गाव बघेल. पण काका, चषक घ्यायचा तर नारळावर हात ठेवावा लागेल. हा अभिनयच होता म्हणून.

आबाजी : तो नियम बाकीच्यांना हाय.

नम्रता : तुम्हीच लिहिलंय, "अध्यक्षासही सूट नाही." खाली दोन रेघा मारल्यात.

सुंदरा : मग? व्हती का ॲक्टिंग?

आबाजी : तसं बगितलं तर... मिशी खोटी व्हती.

सुंदरा : मी मिशीचं नाय विचारलं.

आबाजी : अगं, अख्खा जलम गेला माजा यात. मोठ्या शूटिंगला गर्दीत उभा राह्यलो, पाठमोरा. एकदा तरी कुनी नाव पुकारावं, स्टेजवर बोलवावं... शोकेसमधी जागा ठेवलीय मी.

सुंदरा : ठावं हाय. मीच पुसते ती जागा दर शुक्रवारी. म्हून सांगते, घ्या शपथ. देवीची समजूत मी काढते. मला काय वाईट नाय वाटनार.

आबाजी : नाय वाटनार?

सुंदरा : वाटंल. पन तुमच्या चषकापुढं ते कितीसं.

आबाजी : ...नम्रता, दुसऱ्या नंबरावर कोन हाय?

नम्रता : कमळ्या. पुन्हा मढं.

आबाजी : पुन्हा झोपला?

नम्रता : यावेळी जागा होता. नाकावर माशी फिरली तरी हलला नाही. नारळावर हात ठेवायला तयार आहे.

आबाजी : नाकावर माशी? आन जागा? ही मातुर ॲक्टिंग झाली. मला नसती जमली. दे त्याला.

नम्रता : काका, नक्की? सात वर्षं थांबलात तुम्ही.

सुंदरा : अवो, नीट इचार करा. उगा मागनं माज्यावर फुगून बसाल.

आबाजी : बसंन. दोन दिवस बसंन. तू लिही गं, नम्रता.

नम्रता : लिहिते. दोन हजार पंचवीस, प्रथम निवड आबाजी, परंतु नियमानुसार अपात्र. कारणाचा रकाना आहे इथे, काय घालू?

आबाजी : घाल, बायकोशी बोलत व्हता.