उडालं तेव्हा मी वाकलो होतो

...पाच मिनिटांचं काम म्हणाली होती हो! पाच मिनिटं! तुम्हाला सांगतो, पोरं ज्याला पाच मिनिटांचं काम म्हणतात ना, त्याला अख्खा रविवार पुरत नाही. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून हात गळून गेलेत, मी आपला आडवा पडलोय, आणि लेक आली उशाशी. "बाबा, पाण्याचं रॉकेट करूया? बाटलीत पाणी, वर बूच, मग पंपानं हवा... की सूंऽऽऽ!" म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. तर बायको आत आली, दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "अरे, चार महिने झाले नव्या शाळेत. आज पहिल्यांदा दोन मैत्रिणी घरी आल्यात तिच्याकडे. ऊठ."

उठलो. करतो काय!

आता मैत्रिणी म्हणजे कशा? एक चश्मिस, तिला सगळ्याची शंका. "काका, हे नक्की उडेल ना?" दुसरी बोलतच नाही, नुसती उसासे टाकते. बाटलीला पुठ्ठ्याचे पंख चिकटवले, बुचाला भोक पाडलं, त्यात जुन्या सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह खुपसला, बोटाला कात्री लागली... कुणाच्या? माझ्याच! मग गेलो इमारतीमागच्या मोकळ्या जागेत. चार विटा मांडल्या, बाटली उलटी ठेवली, आणि पंप कोण मारणार? मी!

वाकलो. मारले दहा-बारा. फुस्स! बूच निसटलं, सगळं पाणी माझ्या बुटात. चश्मिस म्हणते, "काका, उडालं नाही." अगं, दिसतंय मला!

पुन्हा भरा, पुन्हा वाका, आणि पंप कोण मारणार? मी! या खेपेला विटा कलंडल्या आणि बाटली वर जायच्या ऐवजी सुटली आडवी, ती थेट बाकावरच्या आजोबांच्या पेपरात! आजोबा ओलेचिंब! मला वाटलं, आता उद्धार होतोय माझा. तर आजोबांनी चष्मा पुसला, बूच निरखलं आणि म्हणाले, "सैल आहे हो. टेप गुंडाळा. आमच्या वेळी..." म्हटलं आजोबा, तुमच्या वेळेचं नंतर, आधी टेप!

गुंडाळली. बूच असं घट्ट बसलं, असं घट्ट बसलं, की वीस झाले, तीस झाले, चाळीस झाले, बाटली ढिम्म! कमरेत कळ, कपाळावरून घाम. तेवढ्यात उसासेवालीनं तोंड उघडलं. उघडून बोलली काय? "चल गं, जाऊया घरी." आणि चश्मिसही वळली हो! मी मान तिरकी करून लेकीकडे पाहिलं. रडत नव्हती. नुसती बुटाच्या टोकानं माती उकरत होती. रडली असती तर परवडलं असतं.

मग मात्र मी त्या पंपावर असा तुटून पडलो! एक्केचाळीस! बेचाळीस! चव्वेचाळीस... त्रेचाळीस राहिला, राहू दे...

फाऽऽट!

अंगावर बादलीभर पाणी, मानेपासून कमरेपर्यंत कट्ट असा आवाज, आणि वरती नुसता कल्लोळ! "गेलं! गेलं! अगंऽऽ गच्चीच्या वर!" आजोबा टाळ्या पिटतायत. तिघी एकमेकींचे हात धरून चिखलात नाचतायत. आणि मला काय दिसतंय? चार विटा आणि माझे बूट! पाठ सरळच होईना!

लेक धावत आली. "बाबा, बघितलंस?"

म्हटलं, "बघितलं की! काय उंच गेलं!"

"खरंच ना?"

"खरंच!"

तेवढ्यात मागून उसासेवाली म्हणते, "मी उद्या पण येऊ का गं?"

तुम्हाला सांगतो, लेकीनं असं "ये!" म्हटलं, की पाठ असती तर ताठ झाली असती माझी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. गेलो म्हणजे, बायकोनं वळणं सांगत नेलं. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस मान वर करून बघायचं नाही."

म्हटलं, डॉक्टर, घरात पोर आहे. मान वर करायला सवड मिळते कुठे?